चालत उतराल, चालत चढाल

१२ एप्रिल

लॉज उघडलं. हिवाळाभर माझ्या गाद्यांवर लोळलेल्या उंदरांना हाकललं, चूल पेटवली, झऱ्याचं पाणी नळाला आणलं. पाइप यंदा फुटला नव्हता, एवढं एक सुख. सामान वाहणाऱ्या लमारची खेचरं पीठ, घेवडा, रॉकेल आणि बटाटे घेऊन दुपारी पोचली. मी त्यांच्याही आधी. थेन दिवेलागणीला आला.

"वाटेत झोपला होतास का?" मी विचारलं.

"पाकोळ्यांची घरटी बघत होतो."

या दरीत आम्हाला एकोणतीस वर्षं झाली. त्याच कड्याला तीच घरटी. पण नवऱ्याला म्हातारपणी पाखरांचं वेड लागलं तर बायकोने काय बोलावं? मी बोललेच, ते सोडा.

बरी गोष्ट अशी की निघताना जॅनली माथ्यावर भेटायला आली होती. पोटची एकुलती एक पोर, पण चार वर्षांत एकदाही खाली उतरलेली नाही. पूर्वी ती इथेच माझ्या हाताखाली होती, पुढे लॉज तिचंच व्हायचं होतं. तिचं म्हणणं, म्हाताऱ्या पाहुण्यांना खेचरावरून नेऊ-आणू. माझं म्हणणं, खेचरं सामानासाठी. आज माणूस खेचरावर बसला की उद्या त्याला रस्ता हवा, परवा मोटार, आणि मग पोहायला तलाव. पलीकडच्या दरीचं काय झालं ते आम्ही बघितलंय. तिथे आता हेलिकॉप्टर उतरतं आणि बायका उंच टाचांचे बूट घालून झऱ्यावर जातात. आमच्या दारावर पाटी आहे: चालत उतराल, चालत चढाल. ती पाटी जॅनलीच्या डोळ्यांत सलली आणि ती गावातल्या मोटेलात नोकरीला गेली.

आता लग्न करतेय. ड्वाइट नावाचा गृहस्थ आहे, जुने टायर विकतो, हसतो फार. लग्न ऑक्टोबरात, माथ्यावरच, आमची वाट सुटते त्या पाइनच्या झाडाखाली. "बाबा, मला हाताला धरून तूच न्यायचंस," ती थेनला म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तूही ये." तूही! असो. पोर परत येतेय, शब्द निवडत बसायला मला वेळ नाही. या लग्नात सगळं सांधलं जाईल. आम्ही दोघांनी वेळेवर चढून जायचं, बस्स.

३ मे

शाळामास्तराचा गुडघा सुजला. काल शिडीच्या वळणावर पाय मुरगळला म्हणे. आज परतीचा दिवस, तर सकाळी माझ्यासमोर येऊन लंगडून दाखवलं. "बाई, खेचर रिकामंच तर जातंय वर."

"रिकामं नाही, तुमची पिशवी आहे त्याच्यावर," मी म्हटलं. फडकं घट्ट बांधून दिलं, काठी दिली, दोन भाकऱ्या बांधून दिल्या. त्याच्या बायकोने माझ्याकडे असं बघितलं की दूध नासावं. पण गेला. हाडं मोडली असती तर गोष्ट वेगळी. दुखणं आणि मोडणं यातला फरक आजकाल लोकांना कळेनासा झालाय.

रात्रीच्या जेवणाला नवीन पाहुण्यांना मी नेहमीचं सांगितलं: "इथल्या खेचरावरून माणूस एकदाच जातो, आणि तोही आडवा." सगळे हसले. एरवी यावर सगळ्यांत मोठ्यांदा थेन हसतो. आज उठून सरपण आणायला गेला. चूल तर विझत आली होती, सरपण कशाला हवं होतं कोण जाणे.

२१ मे

रोसाल्वाचा हात बिघडला. सहा हंगाम ती इथे स्वयंपाक करते, तिचा घेवडा खायला माणसं दरी उतरून येतात. आणि आता सलग आठवडाभर सगळं अळणी. घेवडा अळणी, रस्सा अळणी, मक्याच्या पावाला चव म्हणून नाही. मी म्हटलं, "अगं, मीठ संपलंय का? लमारला सांगते."

"मीठ टेबलावर ठेवलंय बाई. ज्याला हवं तो घेईल."

"तीस वर्षांत या घरात मीठ स्वयंपाक्याने घातलंय."

"मग आता पाहुणे घालतील." एवढं बोलून ती भांडी घासायला लागली. मेक्सिकोतल्या सोनोराची माणसं तोंडाने गप्प आणि पाठीने उद्धट. थेन मात्र तो अळणी घेवडा मिटक्या मारत खातो. मी मिठाची बशी त्याच्याकडे सरकवली, तर त्याने ती पुढच्या पाहुण्याकडे सरकवली.

११ जून

उकाडा सुरू. दुपारी कड्यांना हात लावला तर चटका बसतो.

थेनने खोलीत झोपणं सोडलंय. ओसरीवरच्या आरामखुर्चीत बसल्या बसल्या झोपतो. विचारलं तर म्हणाला, आत कोंदट होतं, शिवाय तू घोरतेस. चाळीस वर्षं घोरतेय, आता ऐकू आलं का? आणि पायांत कायम त्या फाटक्या वहाणा. पाहुण्यांसमोर जेवायलाही तसाच येतो. म्हणे बूट आखडले. बूट आखडतात होय! बसून खाऊन पायसुद्धा जाडावलेत, असं म्हण की. मी लमारला एक माप मोठे बूट आणायला सांगितले. लमारने टोपी डोक्यावरून काढली, परत घातली, आणि "बघतो" म्हणाला. या माणसाला वीस वर्षांत मी कधी निमूटपणे 'बघतो' म्हणताना ऐकलेलं नाही. काहीतरी टोमणा मारल्याशिवाय तो मला पाणीही मागत नाही.

२९ जून

लिहू की नको असं झालंय, पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

लमार गावातून थेनसाठी काहीतरी आणतो. तपकिरी कागदात गुंडाळलेलं, तळहातात मावेल एवढं. आज मी कोठाराच्या दाराशी उभी होते. लमारने ते रोसाल्वाला दिलं, रोसाल्वाने एप्रनच्या खिशात घातलं, आणि थोड्या वेळाने ओसरीवर जाऊन थेनच्या हातात ठेवलं. वर पाण्याचा पेला. त्याने तोंडात काहीतरी टाकलं आणि तिच्या मनगटावर थोपटलं.

माझ्या वडिलांच्या घरी कॉफीसुद्धा चालत नसे. थेन तरुणपणी दारू प्यायचा. लग्नाआधी मी ती सोडवली. पुन्हा सुरू झालं असेल तर ती बाटलीतली असेल, पेल्यात पाणी कशाला? तंबाखू असेल. किंवा तंबाखूही नसेल आणि मी उगाच कागदात अडकून पडलेय. मनगटावर थोपटलं ते मी बघितलंय, ते तर कागदात गुंडाळलेलं नव्हतं.

रोसाल्वा अडतीस वर्षांची आहे. त्याला सत्तर पुरी होतील. माणसाला लाज किती वर्षांपर्यंत असते?

१६ जुलै

झऱ्याच्या तोंडाशी गाळ साचला, नळाला पाणी करंगळीएवढं. हे काम थेनचं. दरवर्षी तोच फावडं घेऊन जातो, अर्धा दिवस शीळ घालत काम करतो. आज म्हणाला, "उद्या बघू." काल म्हणाला होता, "उद्या बघू." शेवटी मीच गेले. कंबरभर पाण्यात उभी राहून गाळ उपसला. परतले तर हे महाशय खुर्चीत, शेजारी रोसाल्वा बटाटे सोलत बसलेली, दोघं काहीतरी हळू बोलत होते. मला बघून गप्प.

"बुड रुजलं का खुर्चीत?" मी म्हटलं. "पाणी घालू का, पालवी फुटेल."

तो हसला. हसता हसता खोकला आला, बराच वेळ थांबेना. रोसाल्वा उठून त्याची पाठ चोळायला लागली. मी ओल्या कपड्यांनी तिथेच उभी होते, माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

लमारला गाठलं. म्हटलं, खरं सांग, काय चाललंय? तो खेचराच्या खुरातला खडा काढत होता. मान वर न करता म्हणाला, "मालकीणबाई, नवरा तुमचा. त्यालाच विचारा की."

"तो सांगत नाही."

"मग तुम्ही कसं विचारता त्यावर असेल ते."

मी त्याला चहासुद्धा दिला नाही.

९ ऑगस्ट

भांडण झालं. आधी शब्द न् शब्द लिहून ठेवते, म्हणजे उद्या मीच बदलणार नाही.

पाहुणे झऱ्यावर गेले होते. मी ओसरीवर जॅनलीच्या लग्नात घालायचा झगा उसवत होते. कंबरेत सैल झालाय. थेन बराच वेळ समोरच्या कड्याकडे बघत होता. मग म्हणाला, "वर्ला, मी वर गेलोच नाही तर?"

"कुठे वर?"

"लग्नाला."

माझ्या हातातली सुई थांबली. म्हटलं, पोरीने चार वर्षांनी हात पुढे केलाय, आणि तुला खुर्ची सोडवत नाही?

"तसं नाही." तो थांबला. श्वास घेतल्यासारखं केलं. "खेचरावरून गेलो तर?"

मला वाटलं थट्टा करतोय. मग दिसलं की नाही. म्हणजे जॅनलीच्या बाजूने! चार वर्षं माझ्या शेजारी उभा राहिला, आणि आता लग्नाच्या दिवशी, सगळ्या गावासमोर, खेचरावरून उतरून तिला सांगणार की पोरी, तुझंच बरोबर होतं, तुझी आई हेकट. मी म्हटलं, "गेलास तर दारावरची पाटी मी त्याच दिवशी काढीन. आणि परत खाली येऊ नकोस. वरच राहा, तिच्या मोटेलात चादरी बदल."

"बरं," तो म्हणाला.

एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी चार गोष्टी अजून बोलले, त्या लिहीत नाही.

रात्री जेवणाला रोसाल्वाने माझं ताट माझ्यासमोर आदळलं. अळणीच होतं.

२ सप्टेंबर

बोलण्याचा उपयोग होतो. लोक म्हणतात वर्लाच्या जिभेला धार आहे. धार नसेल तर कापणार कशाने?

थेन रोज सकाळी, ऊन यायच्या आत, वाटेला लागतो. पहिल्या वळणापर्यंत जातो आणि परत येतो. कालपासून त्याच्याही थोडा पुढे जातोय. बूट घालतो, नाडी न बांधता का होईना. परत आल्यावर घामाने निथळतो, ओठ जांभळट झालेले, पण म्हणतो, "ऑक्टोबरपर्यंत जमेल." मी म्हटलं, जमायला काय झालं, हजार वेळा चढलायस. त्याला अंडी करून दिली, भरपूर मीठ घालून. अर्धी खाल्ली.

रोसाल्वा माझ्याशी बोलत नाही. न बोलो. तिची मात्रा चालली नाही म्हणून जळफळाट असेल.

१९ सप्टेंबर

पाहुणे कमी. कॉटनवुडची पानं पिवळी पडायला लागली. दुपारी थेनने माझा हात धरून मला झऱ्यावर नेलं. वाटेत दोनदा दगडावर बसला, मीही बसले. म्हणाला, आपण पहिल्यांदा उतरलो तेव्हा तू एवढ्या जोरात पुढे गेलीस की मला वाटलं ही बाई परत भेटायचीच नाही. मी म्हटलं, मग धावत यायचंस. "धावलोच होतो," तो म्हणाला.

बरा दिवस गेला. संशय वगैरे सगळं माझ्या डोक्यात असेल. उकाड्याने डोकं फिरतं.

१२ ऑक्टोबर, गावात, इस्पितळाच्या बाकावर

परवाचं लिहिते. वही मांडीवर आहे, अक्षर लागलं तर लागलं.

शुक्रवारी पहाटे निघालो. शनिवारी लग्न, शुक्रवारी संध्याकाळी माथ्यावर सगळ्यांचं जेवण होतं. रोसाल्वा मागे थांबली पाहुण्यांसाठी. निघताना तिने थेनला मिठी मारली आणि बराच वेळ सोडेना. मी आधीच वाटेला लागले होते.

चिमणीच्या वळणांपर्यंत ठीक होतं. मग त्याने थांबायला सुरुवात केली. हे बघ शंख दगडातला. हे बघ, इथे जॅनली पडली होती लहानपणी. हे बघ, पाकोळ्या गेल्या बहुतेक. प्रत्येक वळणाला एक गोष्ट, आणि प्रत्येक गोष्टीला बसणं. ऊन चढत होतं. अर्ध्या वाटेवरच्या ओल्या दगडापाशी पोचलो तेव्हा आम्ही माथ्यावर असायला हवं होतं. मला कळून चुकलं की हा मुद्दाम करतोय. लग्नाला जायचं नाही, पण नाही म्हणायची हिंमत नाही, म्हणून वाटच संपू द्यायची नाही. मी तोंडावर तसं म्हटलं.

तो दगडाला पाठ टेकून बसला होता. "तू हो पुढे," म्हणाला. "पोर वाट बघत असेल. एक तरी वेळेवर जाऊ दे."

मी गेले. मागून लमारची खेचरं येत होती, तो एकटा नव्हता. हे मी स्वतःला त्याच वेळी सांगितलं, आता सुचलेलं नाही.

माथ्यावर टेबलं मांडली होती, दिवे टांगले होते. जॅनलीने माझ्या खांद्यावरून बघितलं. "बाबा?"

"येतोय. पाखरं मोजत."

तिचा चेहरा उतरला, पण माझ्यावर रागावून नव्हे, हे मला तेव्हा कळलं नाही. ती वाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. जेवण थंड झालं. दिवे लावायची वेळ झाली तेव्हा शेवटच्या वळणावर खेचरं दिसली. पहिल्या खेचरावर थेन होता. लमार शेजारून चालत होता, एका हाताने थेनचा पट्टा धरून. ड्वाइटची सगळी माणसं उभी राहून बघत होती, कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं.

मी म्हटलं... म्हटलं ते लिहिलंच पाहिजे. मी म्हटलं, "झालं समाधान? आता पाटी उतरवायला हातोडी आण."

थेनने माझ्याकडे बघितलं. मग लमारने त्याला उतरवलं आणि त्याचे पाय जमिनीला लागले, पण त्यांनी त्याला धरलं नाही. 

डॉक्टर पोरगेलासा आहे. म्हणाला, हृदय फुगलंय, फुप्फुसात पाणी, पायांत पाणी. निदान हिवाळ्यापासून असणार. औषधं चालू होती म्हणून इतपत निभावलं. बाई, तुमच्या लक्षात काही आलं नाही?

लक्षात काय नव्हतं आलं? सगळं आलं होतं. खुर्ची, वहाणा, मीठ, खोकला. एकेक गोष्ट मी लक्षात ठेवून त्याच्या अंगावर फेकली होती.

लग्न शनिवारीच झालं, त्याच्या खाटेपाशी. पाद्री, ड्वाइट, जॅनली, लमार, दोन नर्सा. हाताला धरून न्यायचं होतं ते जमलं नाही, तर जॅनलीनेच त्याचा हात धरला आणि ड्वाइटच्या हातात आपला दुसरा हात दिला. थेन नाकात नळी घालून हसत होता. सगळं सांधलं गेलं. मी भिंतीशी उभी होते.

नंतर बाहेर मी जॅनलीला विचारलं, तुला केव्हापासून ठाऊक होतं?

"फेब्रुवारीपासून. तुम्ही हिवाळ्यात वर होतात तेव्हा डॉक्टरकडे मीच नेलं होतं."

"लमारला?"

"आई, सगळ्यांना."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

ती ओरडली नाही, आवाज चढवला नाही. "मी म्हटलं होतं सांग म्हणून. बाबा म्हणाला, वर्लाला कळलं तर ती मला खाली येऊ देणार नाही, किंवा येऊ देईल आणि रोज लंगडणाऱ्या पाहुण्याकडे बघते तसं बघेल. एक हंगाम अजून तिच्याबरोबर काढू दे, मग बघू."

"नियम आमचा दोघांचा होता," मी म्हटलं.

"नियम तुझा होता. बाबाने फक्त पाटी रंगवली."

१५ ऑक्टोबर

आता तो खाली येऊ शकणार नाही. या हंगामात नाही, पुढच्याही नाही. इस्पितळापासून लांब राहायचं नाही. जॅनलीने मोटेलातली एक खोली आमच्यासाठी काढून ठेवलीय, तळमजल्यावर.

थेन म्हणाला, "राहशील ना?"

मी म्हटलं, महिनाअखेरपर्यंत पाहुणे ठरलेत, रोसाल्वा एकटी आहे, पाण्याचा पाइप मोकळा करून ठेवायचाय, नाहीतर थंडीत फुटेल. सगळं खरं आहे. एकही कारण खोटं नाही.

"अर्थात," तो म्हणाला. "पाइप फुटायला नको."

मी त्याची चादर नीट केली. मला खूप काही बोलायचं होतं. राग आलाय मला, हे खरं. आठ महिने माझ्याशेजारी बसून हा माणूस मरत होता, आणि त्याला माझी एवढी भीती! मरणाची नाही, माझी. एवढी वाईट आहे का मी? हे त्याला विचारायचं होतं, पण तो काय सांगेल याची खात्री नव्हती. म्हणून उद्या खाली जातेय.

२१ ऑक्टोबर

लॉजवर. चार पाहुणे, सगळे ओहायोचे, भले लोक. पहिल्या जेवणाला एकाने पाटीबद्दल विचारलं, मी नेहमीचं वाक्य सुरू केलं आणि मध्येच सोडून दिलं. ते आपापसात बोलायला लागले.

रोसाल्वा आता घेवड्यात मीठ घालते. पूर्वीसारखाच झालाय, एकदम चांगला. मला जात नाही.

मी तिला म्हटलं, "मला वाटलं होतं की तू आणि तो..." तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिला आधी कळलंच नाही मी काय म्हणतेय. कळलं तेव्हा ती रागावलीही नाही. "बिचारी," असं काहीतरी तिच्या भाषेत पुटपुटली आणि आत गेली. मला शिव्या चालल्या असत्या.

आरामखुर्चीत मी बसून बघितलं. बसून झोप लागत नाही माणसाला. मान अवघडते. तो तिथे पूर्ण उन्हाळा झोपला.

शनिवारी पाहुणे गेले की लगेच निघेन. पाइप नंतर लमार बघेल. शनिवारी.

२५ ऑक्टोबर, गावात

काल सकाळी लमार आला. खेचरांचा वार नव्हता. बरोबर एकच खेचर, आणि त्याच्यावर सामानाचं नव्हे, बसायचं खोगीर. मी अंगणात पाहुण्यांची भांडी विसळत होते.

"थेन आठवण काढतोय," तो म्हणाला. "चला. बसा."

"बसा म्हणजे?"

"खेचरावर बसा, बाई."

मी हात पुसले. म्हटलं, मी तुझ्या खेचराआधी पोचेन, अजून पाय शाबूत आहेत माझे. रोसाल्वा दारात आली होती. ती म्हणाली, "बाई, बसा हो." आणि ओहायोचे चारही जण ओसरीवर उभे होते, हातात कॉफी घेऊन, बघत. मी बूट चढवले आणि चालायला लागले.

झपाझप गेले. चिमणीची वळणं एका दमात काढली. लमार मागून खेचर घेऊन येत होता, एक शब्द न बोलता. मला वाटलं माझी चाल बघून गप्प बसलाय. ओल्या दगडापाशी माझा दम तुटला. मी दगडाला पाठ टेकली. त्याच जागी. तेव्हा लमार समोर आला. त्याने टोपी काढली होती.

"डॉक्टर म्हणाले दुपार काढेल असं वाटत नाही."

"हे तू खाली का नाही सांगितलंस?"

"मी खोगीर घालून आणलं, बाई," तो म्हणाला. "तुमच्या दारात. वीस वर्षांत मी कधी आणलं होतं का? मला वाटलं, तेवढ्यावरून कळेल."

मग मी बसले. बसायला काहीच लागत नाही. रिकिबीत पाय, मागून एक हात, की बसला माणूस. तिथून माथा किती जवळ होता ते मला वरून दिसलं. खेचर एकदाही थांबलं नाही.

माथ्यावर ड्वाइट गाडी घेऊन उभा होता. तो हसला नाही. त्याने गाडी थेट इस्पितळात नेली.

खोलीत खाटेवरची चादर वरपर्यंत ओढलेली होती. खिडकी कुणीतरी उघडली होती. थोड्याच वेळापूर्वी झालं, नर्स म्हणाली. शेवटपर्यंत दाराकडे बघत होते.

जॅनली खुर्चीत बसली होती, त्याचा हात अजून तिच्या हातात. तिने मान वर केली. माझ्या धुळीने भरलेल्या बुटांकडे बघितलं, मग वर, माझ्या तोंडाकडे.

"चालत आलीस?" तिने विचारलं.

मी अर्धी वाट खेचरावर बसले होते. मी त्या पाटीचा नियम मोडला होता, त्याच्यासाठी, उशिरा का होईना. तेवढं सांगायचं होतं. तिच्यासाठी ती एकच गोष्ट माझ्याजवळ शिल्लक होती.

"हो," मी म्हटलं.